वाया जाणारा श्वास

"भन्ते, इथे रोज किती वाया जातं, तुमच्या लक्षात आलंय का?"

भन्ते सीलरतन जेवण आटोपून भिक्षापात्र धूत होते. त्यांनी पात्रात डोकावून पाहिलं. भाताचं शीतही उरलं नव्हतं.

"काय वाया जातं?"

"श्वास."

भन्तेंनी पात्र उन्हात पालथं घातलं आणि हात पुसले.

विचारणारा होता अनुरुद्ध मेश्राम. नागपूरच्या एका कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा. ध्यान शिकायचं म्हणून वर्षभराची रजा घेऊन टेकडीवरच्या या विहारात येऊन राहिला होता. आल्यापासून त्याने पाण्याची मोटार दुरुस्त केली, टाकीची गळती काढली, स्वयंपाकघराला धुराडं बसवलं. ध्यानाला मात्र क्वचितच बसला. काही ना काही काम निघायचं.

भन्तेंनी त्याला कधी हटकलं नाही.

"नीट सांग," ते म्हणाले.

"सभागृहात एवढी माणसं बसतात. प्रत्येक जण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. झाडांचं तेच अन्न. बाहेरच्या हवेत तो अगदी थोडा असतो, म्हणून झाडं बेताबेताने वाढतात. बंद जागेत त्यांना तो जास्त दिला, की भराभर वाढतात. लोक त्यासाठी सिलिंडर आणतात, भन्ते. आपल्याकडे तो आपोआप तयार होतो आणि खिडकीतून निघून जातो."

"जाऊ दे की."

"आपला पिंपळ..."

अनुरुद्धने आवाराकडे बोट दाखवलं. तिथे मोठा खड्डा होता. विहाराचा जुना पिंपळ पावसाळ्यातल्या एका वादळात मुळांसकट आडवा झाला होता. खालच्या गावांतली माणसं त्याच्या सावलीत बसत आली होती. तो पडला तेव्हा कितीतरी जण नुसते बघायला चढून आले आणि काही न बोलता उतरून गेले.

त्याच्या फांद्या कापून अनुरुद्धने कुंड्यांत लावल्या होत्या. मोजक्याच जगल्या.

"वैशाख पौर्णिमेला तिथे पुरुषभर उंचीचं झाड उभं करून दाखवतो," अनुरुद्ध म्हणाला. "गावात मी तसं सांगितलंय."

"कुणाला दाखवतोस?"

अनुरुद्ध हसला. त्याला हा प्रश्न वाटलाच नाही.

भन्ते थोडा वेळ खड्ड्याकडे बघत राहिले.

"कर," ते म्हणाले.

सभागृहाच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून त्याने काचेची खोली उभी केली. काचा जुन्या खिडक्यांच्या. भिंतीला वर भोक पाडून पंखा बसवला. सभागृहातली हवा त्यातून काचेच्या खोलीत यायची आणि झाडांनी घेऊन उरलेली हवा दुसऱ्या भोकातल्या पाइपने परत सभागृहात जायची. ऊबही वाया जायला नको, असा त्याचा हिशेब. खोलीत एक छोटा मीटर टांगला होता. हवेत तो वायू किती आहे, ते त्यावर दिसायचं.

थंडी पडली आणि हिवाळ्याचं शिबिर सुरू झालं. गावोगावची माणसं आली. सभागृह भरलं.

पहिल्या आठवड्यात अनुरुद्ध भन्तेंकडे आला.

"पहाटेची बैठक उन्हं आल्यावर घेतली तर?"

"का?"

"अंधारात झाडं हा वायू घेत नाहीत. उजेड लागतो. पहाटेचा सगळा..."

"वाया जातो."

"हो."

"बसणाऱ्यांना विचार."

बसणाऱ्यांना आनंदच झाला. पहाटेच्या गारठ्यात उठणं कुणालाच आवडत नव्हतं. बैठक उन्हात गेली.

काही दिवसांनी तो पुन्हा आला.

"भन्ते, चंक्रमण आत घेऊ या का?"

चंक्रमण म्हणजे सावकाश चालत करायचं ध्यान. ते आवारात, मोकळ्यावर व्हायचं.

"बाहेर थंडी आहे म्हणून?"

अनुरुद्ध जरा थांबला.

"चालताना माणूस जास्त श्वास टाकतो."

"मला वाटलं, थंडी आहे म्हणून म्हणतोस."

"थंडीही आहेच."

चंक्रमण आत आलं.

खिडक्यांचं मात्र त्याने विचारलं नाही. आधी वारा येतो म्हणून उत्तरेकडच्या लावल्या. मग बाकीच्या. मग फटींत वर्तमानपत्राच्या घड्या दाबल्या. कुणी तक्रार केली नाही. सभागृह उबदार झालं होतं.

रोपांनी जोर धरला. तांबूस, तुकतुकीत पानं फुटायची आणि बघता बघता हिरवी होऊन पसरायची. एक रोप सगळ्यांत पुढे होतं. अनुरुद्ध बैठकीच्या वेळी काचेच्या खोलीतच असायचा. मीटरचा आकडा चढायला लागला की त्याला बरं वाटायचं. एखादा माणूस मधूनच उठून बाहेर गेला, तर त्याच्या कपाळाला आठी पडायची.

आणि सभागृहात एक वेगळीच गोष्ट घडायला लागली.

माणसं शांत झाली.

पूर्वी खोकणं, पाय हलवणं, उसासे टाकणं चालायचं. आता घंटा झाली तरी कितीतरी वेळ कुणी उठत नसे. माना झुकलेल्या, चेहरे सैल. उठल्यावर एकमेकांना हळू आवाजात सांगत, या वेळी मन लवकर बसतंय.

खालच्या गावच्या पारबताबाई शिबिरात सगळ्यांत वयस्कर. त्या म्हणाल्या, "इतके वर्स झाले येऊन राहिले मी. असं कधी नाही झालं, बाप्पा."

त्या शिबिरात वासनिक काका होते. रेल्वेत सिग्नलवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांचा तरुण मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून डोळे मिटले की तोच दिसायचा. घरी झोप नाही, म्हणून बायकोने त्यांना इथे पाठवलं होतं.

एक दिवस बैठक सुटल्यावर ते काचेच्या खोलीच्या दाराशी आले. अनुरुद्ध रोपाची पानं ओल्या फडक्याने पुसत होता.

"सर..."

"या काका."

"आज तो दिसला नाही."

अनुरुद्धने वर पाहिलं.

"डोळे मिटले आणि काहीच नाही. नुसतं शांत. त्याचा चेहरा नाही, ती गाडी नाही. पहिल्यांदाच. भन्तेंना सांगायला जात होतो. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं. तुम्ही आमच्यासाठी एवढी ऊब केलीत."

अनुरुद्धची नजर मीटरकडे गेली. आकडा फार वर होता. सभागृहाचा आकडा त्याहून वर असणार. अशा हवेत काय होतं, ते त्याला ठाऊक होतं. डोकं जड होतं, पापण्या मिटतात, विचार मंदावतात. वर्गात त्याने हे शिकवलं होतं.

"छान झालं, काका," तो म्हणाला.

काका हात जोडून निघून गेले.

त्या संध्याकाळी अनुरुद्ध एका खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. फटीतली घडी त्याने बोटाने चाचपून पाहिली. डोळ्यांपुढे काकांचा चेहरा आला, आणि रोप. त्याने घडी होती तशी राहू दिली.

दुसऱ्या दिवशीही राहू दिली.

मग पारबताबाई पडल्या.

दुपारची बैठक संपली होती. त्या उठल्या, भिंतीला हात लावायला गेल्या आणि भिंत सापडली नाही. खांबाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. भुवईपाशी रक्त आलं.

बायका धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पदराने वारा घातला. अनुरुद्ध काचेच्या खोलीतून आत आला तो थेट तिथे.

पारबताबाईंनी डोळे उघडले.

"काही नाही, बाबू. भेऊ नको."

"चक्कर आली?"

"मले वाटलं, समाधी लागली."

दोघी-तिघी हसल्या. एकीने मात्र त्यांच्यासमोर हात जोडले. मागून आणखी कुणीतरी जोडले. रक्त पुसता पुसता पारबताबाईंचा चेहरा उजळला.

अनुरुद्ध उठला. जवळची खिडकी उघडायला गेला. घडी घट्ट बसली होती, ती त्याने ओढून काढली. मग दुसरी खिडकी. मग तिसरी. गार वारा आत घुसला. माणसं शाली ओढत त्याच्याकडे बघायला लागली.

भन्ते आपल्या आसनावरून बघत होते.

ऊन उतरल्यावर ते आवारात पडलेल्या पिंपळाच्या खोडावर येऊन बसले. अनुरुद्ध समोर जमिनीवर बसला.

"कशा आहेत?" अनुरुद्धने विचारलं.

"जेवल्या. टाके नाही पडले. सगळ्यांना समाधीचं सांगताहेत."

"ती समाधी नव्हती, भन्ते."

"हं."

"हवा कोंडली होती. मी कोंडली होती. त्यांना जे वाटत होतं... सगळ्यांनाच जे वाटत होतं... ती गुंगी होती."

"कधीपासून माहीत होतं?"

"वासनिक काका सांगायला आले, त्या दिवसापासून. खरं म्हणजे त्याच्या आधीपासून."

भन्तेंनी पायापाशी पडलेली काटकी उचलून बाजूला ठेवली.

"तुम्हाला कळलं होतं का?"

"मला झोप यायची," भन्ते म्हणाले. "मला वाटलं, वय झालं."

अनुरुद्धने मान खाली घातली.

"मी त्यांचा श्वास वापरला."

"त्यांनी सोडलेला होता. सोडलेलं कुणी वापरलं, तर बिघडलं काय?"

"मग माझं चुकलं कुठे?"

भन्तेंनी खोडाची सुटलेली साल हाताने दाबून बसवली. हात काढल्यावर ती पुन्हा सुटली.

"त्यांनी सोडलेलं तू त्यांनाच परत दिलंस."

"आता काय करू?"

"पंखा कुणी बसवला?"

"मी."

"खिडक्या?"

"मीच."

"मग सांगायचं कुणी, ते मला का विचारतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बसल्यावर अनुरुद्ध उभा राहिला. खिडक्या उघड्या होत्या. वर्गात बोलायची सवय असलेला माणूस, पण त्याला शब्द जुळवावे लागले. पंखा का बसवला, हवा कशी फिरत होती, खिडक्या का लावल्या, सगळं सांगितलं. ऊब तुमच्यासाठी नव्हती, हेही सांगितलं. पारबताबाईंची माफी मागितली.

पारबताबाई पट्टी बांधून पुढेच बसल्या होत्या. त्यांचा हात पट्टीकडे गेला. आदल्या दिवशी ज्या बाईने हात जोडले होते, ती दुसरीकडे बघायला लागली.

वासनिक काका उठले.

"मग मला जे मिळालं, ते काय होतं?"

अनुरुद्धने भन्तेंकडे पाहिलं. भन्ते डोळे मिटून बसले होते.

"झोप होती, काका."

काका तसेच उभे राहिले.

"झोप," ते म्हणाले. "झोप तर झोप. मुलगा गेल्यापासून तीही नव्हती."

काकांनी उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"खिडक्या बंदच ठेवा, सर."

"काका, ती हवा..."

"मला कळलं ते. बंद ठेवा. बाकीच्यांना बाहेर बसू द्या. मी एकटा बसतो."

भन्तेंनी डोळे उघडले, आसनावरून उठले आणि काकांजवळ आले.

"झोप हवी ना?"

काकांनी मान हलवली.

"मग बसता कशाला? चला."

त्यांनी काकांचा हात धरला आणि त्यांना आपल्या खोलीत नेलं. तिथे एक खाट होती. भन्तेंनी आपली घोंगडी त्यांच्या अंगावर घातली, दार सताड उघडं ठेवलं आणि स्वतः उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसले. काका आधी छताकडे बघत पडले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. भन्तेंनी वळून पाहिलं नाही, पण ते उठूनही गेले नाहीत.

उन्हं कलली तेव्हा काका घोरत होते.

त्या दिवशी काही माणसं सामान बांधून उतरली. जाताना एक जण अनुरुद्धला म्हणाला, "सांगितलं नसतं तर काय झालं असतं?" उत्तरासाठी तो थांबला नाही.

पारबताबाई राहिल्या. पण अनुरुद्धशी बोलायला त्यांना पुढचे बरेच दिवस लागले. बोलल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मले लई बरं वाटलं होतं रे."

अनुरुद्धने पंखा काढला. पाइप काढले, काचेची खोली मोडली. भिंतीतली भोकं विटांनी बुजवली. कुंड्या उचलून आवारात, उघड्यावर आणून ठेवल्या. आधी आडोशाला आणि मग उन्हात. पुढे गेलेल्या रोपाची मोठी पानं थंड वाऱ्याने कडेला करपली. काही गळली. वैशाख पौर्णिमेला ते खड्ड्याच्या जागी लावलं, तेव्हा जेमतेम कमरेला येत होतं. गावातली माणसं आली, त्यांनी पाणी घातलं. पुरुषभर उंचीची आठवण कुणी काढली नाही. पण ती नंतरची गोष्ट.

पंखा काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक पुन्हा पहाटेची झाली. सभागृह अर्धं रिकामं होतं. खिडक्यांतून बोचरा वारा येत होता. खोकणं, पाय हलवणं, उसासे, सगळं परत आलं होतं. वासनिक काका मागच्या ओळीत डोक्यावरून घोंगडी घेऊन बसले होते. मधूनच त्यांच्या नाकाचा आवाज यायचा. ते रडत होते, हे सगळ्यांना कळत होतं.

अनुरुद्ध दाराशी उभा होता. आज त्याला जायला काचेची खोली नव्हती. मोटार नीट चालत होती. टाकी गळत नव्हती.

भन्तेंनी त्याच्याकडे पाहिलं आणि समोरच्या रिकाम्या आसनावर हात ठेवला.

तो येऊन बसला. डोळे मिटले.

घंटा झाली, माणसं उठली, चुलीकडे गेली. अनुरुद्ध बसूनच राहिला. मग त्याने डोळे उघडले. भन्ते अजून समोरच होते.

"काय झालं?" भन्तेंनी विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"एकही श्वास धड बघता आला नाही. थंडी वाजत होती. पाय ठणकत होता. बाहेर रोपांना वारा लागत असेल, असं सारखं वाटत होतं. काकांचं रडणं ऐकू येत होतं. मी त्यांना 'छान झालं' म्हणालो होतो, ते पुन्हा पुन्हा..."

तो थांबला.

"मला शांत वाटलं नाही, भन्ते. क्षणभरही नाही."

भन्ते हाताचा आधार घेत उठले. अंगावरचं चीवर सारखं केलं.

"म्हणजे जागा होतास."